आजी जाग्या होत्या

पत्र

आदरणीय मॅडम,

मी एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात एम.एस. ऑप्थॅल्मॉलॉजी करते, जेआर टू, म्हणजे दुसऱ्या वर्षाची निवासी डॉक्टर आहे. पहिलं वर्ष ओपीडी, डार्क रूममधली रेटिनोस्कोपी, प्री-ऑपच्या फाइली आणि पेशंटची ने-आण यातच गेलं. आतापर्यंत सुरुवातीपासून शेवटपर्यंत मी केलेल्या एसआयसीएस, म्हणजे मोतीबिंदूच्या हाताने केलेल्या शस्त्रक्रिया, फक्त अकरा. बाराव्या केसला रेंट झाला, भिंगाची पिशवी मागून फाटली. सत्तरीच्या आजी होत्या, कॅम्पमधून आलेल्या. टनेल जरा लवकर आत गेलं, आयरिस सारखी बाहेर येत होती, पण न्यूक्लियस नीट निघाला. मग आय-ए करताना बाराच्या जागी पीसी रेंट झाला आणि व्हिट्रियस आलं. सर ओरडले, ‘गेला ना डोळा! ऊठ तिथून!’ अख्खी ओटी बघत होती. सरांनी व्हिट्रेक्टॉमी करून लेन्स सल्कसमध्ये बसवली. दुसऱ्या दिवशी कॉर्निया धूसर होता. त्यानंतर त्या आजींचा फॉलोअप मी को-पीजीला बघायला सांगितला. याला तीन आठवडे झाले.

तेव्हापासून मायक्रोस्कोपखाली माझा हात थरथरतो. दोनदा सरांनी केस देऊ केली, मी बरं नाही म्हणून टाळली. माझी मैत्रीण दिल्लीत डीएनबी करते, ती फेको करायला लागलीसुद्धा. घरचे म्हणतात, जमत नसेल तर सीट सोड, परत नीट-पीजी दे, रेडिओलॉजी घे. माझा हात सर्जनचा नाहीच का?

एक निवासी डॉक्टर

उत्तर

अगं डॉक्टर,

(तुझ्या आईच्या वयाची आहे, म्हणून अगं-तुगं करते.) तुझं पत्र दोनदा वाचलं. तू विचारलंयस हाताबद्दल, पण मी अडकले ते एका वेगळ्याच वाक्यावर: ‘त्यानंतर त्या आजींचा फॉलोअप मी को-पीजीला बघायला सांगितला.’ त्यावर येतेच. आधी तो डोळा बघू. तू लिहिलंयस तेवढ्यावरून तो मला बराचसा दिसतोय.

हे सदर वाचणारे सगळेच काही डोळ्यांचे डॉक्टर नाहीत, तेव्हा त्यांच्यासाठी दोन ओळी. डोळ्याच्या पुढची पारदर्शक काच म्हणजे कॉर्निया, तिच्यामागचा रंगीत भाग आयरिस आणि त्यातलं छिद्र म्हणजे प्यूपिल, आपली बाहुली. बाहुलीच्या मागे मसुराच्या दाण्यासारख्या घडणीचं एक भिंग असतं; ते गढूळ झालं की मोतीबिंदू. हे भिंग एका पारदर्शक पिशवीत असतं. ऑपरेशन म्हणजे पिशवीच्या पुढच्या बाजूला गोल खिडकी पाडायची, आतला टणक गाभा, म्हणजे न्यूक्लियस, बाहेर काढायचा, कडेला चिकटलेला मऊ भाग, म्हणजे कॉर्टेक्स, धुऊन ओढून घ्यायचा (हेच आय-ए) आणि रिकाम्या पिशवीत कृत्रिम लेन्स बसवायची. या पिशवीची, म्हणजे कॅप्सूलची, मागची भिंत (पीसी) मध्यभागी जेमतेम ४ मायक्रॉन जाडीची. डोक्याचा केस तिच्या पंधरा-वीस पट जाड भरेल. ती फाटली की आम्ही त्याला रेंट म्हणतो, आणि मग मागचं जेलीसारखं व्हिट्रियस पुढे यायला बघतं. ते कापून काढणं म्हणजे व्हिट्रेक्टॉमी; मग लेन्स पिशवीच्या पुढ्यात, आयरिसमागच्या खाचेत, म्हणजे सल्कसमध्ये बसवतात. एसआयसीएस म्हणजे हे सगळं हाताने, ६-७ मिलिमीटरच्या छेदातून. डोळ्याच्या पांढऱ्या भागातून (स्क्लेरा) कॉर्नियात तिरका नेलेला हा छेद म्हणजे टनेल. फेको म्हणजे अल्ट्रासाउंडच्या सुईने गाभा आतच फोडून, तीन मिलिमीटरहूनही लहान छेदातून. दोन्ही बहुतेक वेळा बिनटाक्याचीच.

आता तू. रेंट आय-ए करताना झाला असं लिहितेस. झाला तिथे, हे खरं. पण त्याची सुरुवात बरीच आधी झाली होती आणि ती तू स्वतःच लिहून ठेवलीयस. ‘टनेल जरा लवकर आत गेलं, आयरिस सारखी बाहेर येत होती,’ आणि लगेच ‘पण’ लावून पुढे गेलीस. तुझं सगळं ऑपरेशन त्या ‘पण’च्या अलीकडे आहे. टनेल लवकर आत पडलं म्हणजे कॉर्नियाची झडप तयारच झाली नाही. झडप नाही, म्हणून आतल्या पाण्याबरोबर आयरिस बाहेर. तू ती आत ढकललीस, ती परत आली, परत ढकललीस. असं चार-पाच वेळा केलं की प्यूपिल आक्रसते. प्यूपिल आक्रसली की नेमकं बाराच्या जागचं, टनेलच्या खालचं कॉर्टेक्स आयरिसमागे लपतं. आणि जे दिसत नव्हतं ते तू सिम्कोने (पाणी सोडणाऱ्या-ओढणाऱ्या नळीने) चाचपडत ओढायला गेलीस. कॉर्टेक्सऐवजी कॅप्सूल सिम्कोच्या तोंडात आली.

यात हात थरथरल्याचा कुठे संबंध आला? तुला दिसत नव्हतं, तरी तू थांबली नाहीस. थांबणं शिकता येतं.

क्रेसेंट, म्हणजे टनेल कापायचं पातं, चालवताना पातं स्क्लेराच्या थराखालून अंधूक दिसत राहिलं पाहिजे. लख्ख दिसायला लागलं तर तू फार वर आहेस, पापुद्रा फाटेल. दिसेनासं झालं तर खोल गेलीस, आता आत पडशील. स्वच्छ कॉर्नियात एक-दीड मिलिमीटर पुढे गेल्याशिवाय केराटोम (आत शिरायची टोकदार सुरी) आत घालायचा नाही. तरीही लवकर आत पडलंच, तर तिथेच हात थांबवायचा, सरांना सांगायचं आणि दुसऱ्या कडेने, वरच्या थरातून टनेल पुन्हा धरायचं. पाच मिनिटं जातात, अपमान शून्य. बाराच्या जागचं कॉर्टेक्स साइड पोर्टमधून (बाजूच्या छोट्या छिद्रातून) निघतं. नाहीतर लेन्स आधी आत घालून ती गोल फिरवायची, कॉर्टेक्स सैल होतं. आणि इवलंसं राहिलंच तर राहू दे. थोडं राहिलेलं कॉर्टेक्स डोळा स्वतः विरघळवून टाकतो. फाटलेली कॅप्सूल कुणी शिवून देत नाही.

हे सगळं आज संध्याकाळी एका कोऱ्या वहीत काढ. शब्दांत लिहू नकोस, चित्र काढ, पायरीमागून पायरी. कोणत्या क्षणी तुला पहिल्यांदा ‘काहीतरी चुकतंय’ असं वाटलं, तिथे लाल पेनने खूण कर. ती खूण आणि रेंट यांच्यात किती पायऱ्या आहेत ते मोज. माझा अंदाज, किमान चार. त्या चारही ठिकाणी थांबायला जागा होती.

आता आजी.

आपण डोळ्याला ब्लॉक देतो, पेशंटला भूल देत नाही. डोळा बधिर होतो, कान होत नाहीत. हिरव्या कापडाखाली आजी टक्क जाग्या होत्या. ‘गेला ना डोळा!’ हे वाक्य आलं तेव्हा अख्खी ओटी बघत होती असं तू लिहितेस, आणि त्या ओटीत सिस्टर, लेक्चरर, तुझे ज्युनिअर मोजत असशील. ज्यांचा डोळा त्यांनीही ते ऐकलं. मग ‘आजी, हलू नका हं, झालंच’ असं इतका वेळ म्हणणारी पोरगी गप्प झाली, एक जाड आवाज तिच्या जागी आला. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा ती पोरगी एकदा दिसली, आणि मग दिसलीच नाही. तू आजींच्या जागी असतीस तर काय समजली असतीस?

तुझ्या हाताचं दुखणं मला इथे दिसतं. ज्या डोळ्याचं काय झालं ते तू पाहिलेलंच नाहीस, तो मनात दिवसेंदिवस जास्त बिघडत जातो. तीन आठवड्यांत तो डोळा कदाचित बराच निवळला असेल. सल्कसमध्ये नीट बसलेल्या लेन्सने माणसं छान बघतात. पण तुझ्या डोक्यात मात्र तो अजून पहिल्या दिवशीचा धूसर कॉर्नियाच आहे.

तेव्हा पहिलं काम हे. केसपेपर काढ आणि ऑपरेशन नोटमध्ये रेंट, व्हिट्रेक्टॉमी आणि लेन्सची जागा स्पष्ट लिहिली आहे का ते बघ. नसेल तर सरांकडे जा आणि त्यांच्याकडून लिहून घे; पुढे जो कुणी तो डोळा तपासेल त्याला ते कळायलाच हवं. मग सरांना सांग की या पेशंटचा फॉलोअप इथून पुढे मी बघणार. कॅम्पच्या पेशंटचा फोन बहुधा नातवाचा किंवा शेजाऱ्याचा असतो आणि निम्म्या वेळा लागत नाही. नाही लागला तर त्या तालुक्याच्या नेत्रचिकित्सा अधिकाऱ्याला गाठ, नाहीतर गावच्या आशाताईला. त्यांना सगळ्यांची घरं पाठ असतात. आजी आल्या की स्लिट लॅम्पवर बसवण्याआधी समोर बसून सांग: ‘आजी, ऑपरेशन मीच करत होते. आतली पिशवी फाटली. मोठ्या सरांनी निस्तरलं, लेन्स बसली आहे. डोळा गेलेला नाही. बाकीच्यांपेक्षा तुम्हाला दोन-चार वेळा जास्त यावं लागेल, आणि दर वेळी मीच तपासणार आहे.’ याच्या पुढे स्पष्टीकरण नको. त्या काय म्हणतील ते ऐकून घे. रागावल्या तर रागावू देत.

आणि तपासताना नीट तपास. प्रेशर घे. नजर अपेक्षेपेक्षा कमी वाटली तर मॅक्युलाला (पडद्याच्या मधोमधच्या भागाला) सूज आहे का बघ. चार ते सहा आठवड्यांच्या सुमारास ती डोकं वर काढते, ओसीटी (पडद्याचा स्कॅन) असेल तर करून घे. प्यूपिल मोठी करून इनडायरेक्टने (डोक्यावर बांधायच्या दिव्याने) डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या कडा फिरून बघ. घरी जाताना सांग की डोळ्यात विजा चमकल्यासारखं झालं किंवा काळा पडदा सरकल्यासारखा वाटला तर तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी यायचं.

माझं सांगते. मी एम.एस. केलं ते १९८९ ते ९२. तेव्हा टाक्यांचं ऑपरेशन होतं, मोठा छेद आणि १०-० नायलॉनचे पाच-सात टाके. दुसऱ्या वर्षी एका शेतकऱ्याच्या डोळ्यात माझ्याकडून व्हिट्रियस आलं. मशीन नव्हतं. स्पंजाने उचलायचं आणि कात्रीने कापायचं, अशी व्हिट्रेक्टॉमी. लेन्स बसवता आली नाही. त्याला +१० च्या जाड भिंगाचा चष्मा लागणार होता. तो दोनदा दाखवायला आला, दोन्ही वेळा मी दुसऱ्या टेबलावर काहीतरी काम काढलं. तिसऱ्यांदा तो आलाच नाही. मी केसपेपरवरच्या मु. पो. वर कार्ड टाकलं. उत्तर नाही. तो चष्मा त्याला मिळाला का, मला माहीत नाही. त्याचा दुसरा डोळाही पिकत आला होता, तो त्याने कुठे दाखवला का, तेही माहीत नाही. चौतीस-पस्तीस वर्षं झाली. तुझ्याकडे निदान नातवाचा मोबाइल नंबर असेल.

जाता जाता एक अवघड गोष्ट. ऑपरेशन शिकणारी डॉक्टर करणार आहे हे आजींना आधी माहीत होतं का? संमतीपत्रावर अंगठा असेल. पण कुणी तोंडाने सांगितलं होतं? मी स्वतः शिकवत असताना कित्येक वर्षं ‘आमची टीम करेल’ असं गुळमुळीत बोलायचे. सांगितलं तर कुणी तयार होणार नाही ही भीती. शेवटच्या काही वर्षांत सरळ सांगायला लागले: ‘ही डॉक्टर करेल, मी शेजारी बसते, अडलं तर मी हातात घेते.’ नाही म्हणणारे निघाले, पण बोटावर मोजण्याइतके. सांगायला हवं होतं पहिल्यापासून.

आता हाताकडे येऊ. थरथर प्रत्येक हाताला असते. मायक्रोस्कोप ती दसपट करून दाखवतो, एवढंच. त्यातली निम्मी थरथर ही खुर्चीची असते. स्टूल उंच असेल तर खांदे वर जातात आणि मनगट अधांतरी राहतं. केस सुरू करण्याआधी दोन मिनिटं स्टूल, टेबल आणि आय-पीस स्वतःच्या मापाचे करून घे, सीनिअर घाई करत असले तरी. करंगळीची कड पेशंटच्या कपाळावर किंवा गालाच्या हाडावर टेकलेली हवी. सकाळचा दुसरा चहा सोड. आदल्या रात्री इमर्जन्सी असेल आणि झोप झाली नसेल तर त्या दिवशी असिस्ट कर, केस घेऊ नकोस, आणि कारण खरं सांग. थरथर जाण्यासाठी गोळ्या घेणारे आहेत, तुझ्या हॉस्टेलवरही कुणीतरी सुचवेल. त्या वाटेला स्वतःच्या मनाने जाऊ नकोस.

‘सर्जनचा हात’ म्हणून काही वेगळा हात जन्माला येतो असं मला वाटत नाही. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचे संस्थापक डॉ. जी. वेंकटस्वामी यांना तरुणपणीच संधिवाताने गाठलं. बोटं कायमची वाकडी झाली. त्या बोटांना धरता येतील अशी हत्यारं करून घेऊन ते शिकले, आणि पुढे एक लाखाहून जास्त डोळ्यांची ऑपरेशनं केली. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर, १९७६ साली, अकरा खाटांवर त्यांनी ते रुग्णालय सुरू केलं. तुझी बोटं सरळ आहेत ना?

सराव मात्र हवा, आणि तो माणसाच्या डोळ्यावर पहिल्यांदा नको. ओळखीच्या मटणवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेव, सकाळी ताजे बोकडाचे डोळे मिळतात. दुपारपर्यंत कॉर्निया धूसर होतो, म्हणून सकाळीच. थर्माकोलच्या तुकड्यात खळगा करून पिनांनी बसव, मऊ पडला असेल तर सुईने थोडं सलाइन भरून टणक कर. रेक्सिस, म्हणजे पिशवीची गोल खिडकी, त्यावर करून खूश होऊ नकोस, बोकडाची कॅप्सूल जाड आणि रबरासारखी असते. माणसाची अशी वागत नाही. पण टनेल आणि टाके यांसाठी याहून चांगला गुरू नाही. नुसती टनेल कर. वीस डोळे, वीस टनेल. प्रत्येक झाल्यावर आतून पाणी सोड आणि गळतं का बघ. विसावं टनेल गळेनासं होईल तेव्हा सरांकडे जा आणि म्हण, ‘सर, पुढचे दहा दिवस मला फक्त टनेल द्या, बाकीची केस तुम्ही करा.’ असं मागणाऱ्या रेसिडेंटला नाही म्हणणारा शिक्षक मी अजून पाहिलेला नाही. ‘केस द्या’ म्हटलं की त्यांना ओटीची यादी, कॅम्पचं टार्गेट आणि तुझा रेंट आठवतो. ‘टनेल द्या’ म्हटलं की मोजून पाच मिनिटं आठवतात.

अकरा कमी आहेत का? आहेत. गोड बोलून उपयोग नाही. अमेरिकेत रेसिडेन्सी संपेपर्यंत मुख्य सर्जन म्हणून किमान ८६ मोतीबिंदू करावे लागतात. इंग्लंडमध्ये सात वर्षांच्या प्रशिक्षणात ३५० ची अट वर्षानुवर्षं होती. आपल्याकडे लॉगबुक असतं, आणि त्यात आकडे कसे भरले जातात ते मी तुला सांगायला नको. पण अजून दीड वर्ष हातात आहे. त्यातच डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सीचे, म्हणजे जिल्हा रुग्णालयातल्या कामाचे, तीन महिने येतात, तिसऱ्या ते पाचव्या सत्रात कधीतरी. तुझे व्हायचे असतील तर यादी लागेपर्यंत गप्प बसू नकोस. कोणत्या सिव्हिलला डोळ्यांचे सर्जन नियमित ऑपरेट करतात, कुठे ओटीचा मायक्रोस्कोप चालू स्थितीत आहे, हे सीनिअर्सकडून आधी काढून घे. बरेच जण घराजवळचा जिल्हा मागतात आणि तीन महिने चष्म्याचे नंबर काढून परत येतात. तू ओटीजवळचा माग.

मैत्रिणीच्या फेकोबद्दल. तुला वाटतंय ती पुढे गेली. अरविंदमधल्या जवळपास ऐंशी हजार ऑपरेशनांचा एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. शिकणाऱ्या डॉक्टरांच्या हातून फेकोत गुंतागुंत झाली ४.८ टक्के केसेसमध्ये, एसआयसीएसमध्ये १.४६ टक्के. आणि पेशंटला काय फरक पडतो म्हणशील, तर पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात दोन्ही पद्धतींची तुलना झाली, २००५ साली प्रसिद्ध झाली. सहा आठवड्यांनी बिनचष्म्याची नजर फेकोची जरा सरस होती, चष्मा लावल्यावर दोन्ही गट जवळजवळ सारखंच बघत होते. फेको शीलच. पण फेको अर्ध्यात फसली की मोठा छेद घेऊन न्यूक्लियस हाताने काढायची वेळ येते, आणि तेव्हा ज्याला एसआयसीएस येत नाही त्याचा चेहरा मी पाहिलेला आहे. मोतीबिंदू पार पिकून तपकिरी, दगडासारखा झाल्यावर येणारी माणसं तुझ्या ओपीडीत आहेत, मैत्रिणीच्या कदाचित नसतील.

पहिलं वर्ष वाया गेलं या तुझ्या तक्रारीशी मी अर्धीच सहमत आहे. पेशंटची ने-आण आणि फाइली हे खरंच शिक्षण नाही. निवासी डॉक्टर म्हणजे रुग्णालयाचा फुकटातला वॉर्डबॉय, ही समजूत बदलायला हवी, आणि त्यासाठी मार्ड, निवासी डॉक्टरांची संघटना, आहे. पण डार्क रूमला नावं ठेवू नकोस. रेटिनोस्कोपी ज्याला येते त्याला बोलता न येणाऱ्या मुलाचा नंबर काढता येतो. मशीनसमोर ते मूल बसत नाही. इनडायरेक्टचं तर विचारूच नकोस. ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा पडदा जन्मानंतर तीस दिवसांच्या आत तपासायला हवा, नाहीतर ते बाळ कायमचं आंधळं होऊ शकतं. जिल्ह्याच्या एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांच्या कक्षात) अशी बाळं असतात आणि त्यांचा पडदा बघता येणारा माणूस मिळत नाही. उसाचं पाचट लागून डोळ्यात पांढरा डाग घेऊन आलेल्या माणसाचं स्क्रेपिंग करून, केओएच (बुरशी दिसावी म्हणून घालायचं रसायन) लावून, बुरशीचे धागे स्वतः ओळखणं हेही त्याच ओपीडीत शिकता येतं. मेडिकलवाल्याने दिलेले स्टिरॉइडचे थेंब त्याने आठवडाभर घातलेले असतात, आणि तू ते पहिल्या पाच मिनिटांत विचारलंस तर तो डोळा वाचायची आशा असते. तुझ्या पत्रात मोतीबिंदूचे आकडे आहेत, बाकी डोळा कुठेच नाही.

सर. त्यांनी तुला उठवलं ते बरोबर केलं. व्हिट्रियस आल्यावर शिकाऊ माणसाने खुर्चीवर राहायचं नसतं, आणि त्यांनी वेळेत हातात घेतलं म्हणून लेन्स बसली. ते ओरडले, ते चूक. तुझ्यावर ओरडले याच्यापेक्षा जाग्या पेशंटच्या डोक्यावर ओरडले हे जास्त चूक. हे त्यांना सांगायचं असेल तर ओटीत नको, तक्रारीच्या सुरात नको. फॉलोअपची परवानगी मागायला जाशील तेव्हाच सांग: ‘सर, आजींनी ऐकलं असेल, म्हणून मला त्यांच्याशी बोलायचंय.’ समजायचं ते समजतील. तुला त्यांनी त्यानंतर दोनदा केस देऊ केली, हे तू ओझरतं लिहून गेलीस. ज्याचा हात सर्जनचा नाही असं सरांना वाटतं, त्याला ते तीन आठवड्यांत दोनदा केस देत नाहीत. आणि ‘बरं नाही’ ही थाप पुन्हा मारू नकोस. ‘सर, भीती वाटते’ म्हण. त्यांनाही कधीतरी वाटली होती.

सीट सोडायचा विचार. घरच्यांचं प्रेम कळतं, पण त्यांना ‘रेडिओलॉजी’ या शब्दात फक्त एसी खोली दिसते. तिथेही रात्री दोन वाजता एका रिपोर्टवर कुणाचं तरी पोट उघडायचं की नाही ते ठरतं. सीट सोडल्यावरचा दंड आणि पुढच्या प्रवेशाचे नियम तुझ्या बॉन्डच्या कागदात आहेत, घरच्यांना ते वाचायला दे. मला विचारशील तर हा निर्णय आत्ता घ्यायचाच नाही. आजींची सहा आठवड्यांची तपासणी आणि तुझी वीस टनेल होईपर्यंत हा विषय घरात काढायचा नाही, असं आईला फोन करून सांग. त्यानंतरही मायक्रोस्कोपखाली बसावंसंच वाटलं नाही, तर डोळ्यांच्याच शास्त्रात हत्यार हातात न धरता करण्यासारखं भरपूर आहे. पण ते वाटणं खरं आहे की नुसती भीती आहे, हे आज तुलाही कळणार नाही.

सहा आठवडे म्हणजे अजून तीन आठवडे. तारीख आजच डायरीत लिही. त्या दिवशी आजींचा नंबर तू स्वतः काढ, ट्रायल फ्रेम लावून, घाई न करता. अक्षरं वाचता येत नसतील तर ‘ई’चा तक्ता लाव आणि तीन बोटं कुठल्या दिशेला करायची ते आधी त्यांच्या हाताला धरून शिकव. चांगल्या डोळ्याने आधी वाचून घे, मग त्या डोळ्यावर ये. वरच्या ओळीपासून सुरू कर आणि त्या जिथे अडतील ती ओळ केसपेपरवर तुझ्या अक्षरात लिही.

ता. क. बोकडाचे डोळे वॉर्डाच्या फ्रिजमध्ये, ड्रॉप्सच्या बाटल्यांशेजारी ठेवू नकोस. सिस्टर ओरडतील, आणि त्या वेळी चूक पूर्णपणे तुझी असेल.